पहिली दांडगी गाडी: तुमच्याकडे कोणती होती? (अनुभव धागा)

रंकाळाकाठ
परवा खंबाटकी चढताना मागून एक पांढरी काँटेसा (हिंदुस्तान मोटर्सची ती जुनी लांबलचक गाडी) आली, हॉर्न दिला आणि निघून गेली. भाचा मागच्या सीटवरून म्हणाला, "मामा, मस्टँग होती का ती?" अमेरिकन मस्टँगचं नाव ऐकून गाडीत सगळे हसले, मी नाही हसलो. १९९८ साली राजारामपुरीत आमच्या दारात जी उभी राहिली, तिला मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो.

गाडी सेकंडहँड. साखर कारखान्याच्या एका संचालकांची. त्या काळात बाजारात नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि काँटेसाचे भाव उतरले, म्हणून आमच्यासारख्यांच्या हाताला लागली. निम्मे पैसे दादाचे, निम्मे माझे. आण्णा निवृत्त मास्तर, आयुष्य सायकलवर. दारात गाडी बघून एवढंच म्हणाले, "मास्तराच्या दारात हत्ती. पोसणार कोण?"

दादाची अट एकच होती, जपानी इसुझू कंपनीचं इंजिन पाहिजे. सुरुवातीच्या काँटेसांना अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, म्हणजे अंग पैलवानाचं आणि दम मास्तराचा (आण्णा, माफ करा). नंतर १.८ लिटरचं इसुझू आलं, पाच गिअर आले, तेव्हा कुठं त्या अंगाला शोभेल असं काहीतरी झालं. बॉडी मूळची इंग्लंडच्या व्हॉक्झॉल व्हिक्टरची, बनायची बंगालात उत्तरपाड्याला. उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिकला हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं तर तो म्हणाला, "विलायती असू दे न्हाईतर बंगाली, ऑइल किती पितीया ते बघा."

ऑइल नाही, पेट्रोल प्यायची. गावात लिटरला आठ मिळालं तर दादा पेढे वाटायच्या बेतात असायचा. बॉनेट इतकं लांब की वळणावर गाडी आधी पोचायची, आपण मागून. पण पन्हाळ्याचा चढ तिसऱ्यात, भरल्या गाडीनं, एकही तक्रार न करता. नरसोबाच्या वाडीला जाताना मागं चार मावश्या आणि त्यांच्या मांडीवर डबे. कोण कुणाला टेकलं नाही म्हणून कुणी रुसलं नाही, हे आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडलं.

आण्णा "मी नाही बसणार" म्हणाले ते म्हणालेच. पण रोज सकाळी पूजा झाली की फडकं घेऊन बाहेर. विचारलं तर "दारात घाण नको".

२००५ ला इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांना दिली.

तर मंडळी, मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, अमेरिकेतलीच पाहिजे असं काही नाही. तुमची पहिली दांडगी गाडी, दोन चाकी असो नाहीतर चार, जिच्यावरून घरात भांडणं झाली आणि गल्लीत वट वाढली. लिहा.

कडकलक्ष्मी
पहिली! वाचतेय. कुकर लावलाय, येते.

टू_स्ट्रोक
यामाहाची आरएक्स १००. विषय संपला.

रंकाळाकाठ
@टू_स्ट्रोक असा कसा संपला? सांगलीचे ना तुम्ही? जरा सविस्तर.

बर्फाळ
काका, धागा बघून राहवलं नाही. आमच्याकडे खरीखुरी मस्टँग होती, भाच्याला सांगा.

१९९९, डेट्रॉइटच्या बाहेर. नोकरी लागली, बरोबरच्या सगळ्या देशी मुलांनी शहाण्यासारख्या जपानी गाड्या घेतल्या. मी १९९१ ची मस्टँग जीटी घेतली. पाच लिटर व्ही-एट, २२५ हॉर्सपॉवर, मॅन्युअल. विकणारा आजोबा कारखान्यातून रिटायर झालेला. पैसे मोजले नाहीत, आधी मला चालवायला बसवलं, मी गिअर कसे टाकतो ते बघितलं, मग चावी दिली. त्यानंतर इन्शुरन्सवाल्याला फोन केला. वय पंचविसाच्या आत, लग्न नाही, गाडी मस्टँग. तो जो आकडा बोलला त्यात आमचे रूममेट दोन महिने जेवले असते.

उन्हाळा स्वर्ग. नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला आणि कळलं की सगळी ताकद मागच्या चाकांना आणि सगळं वजन पुढे. सिग्नल हिरवा झाला की गाडी जागच्या जागी वळवळायची. शेजाऱ्यानं तोडगा सांगितला, डिकीत वाळूची पोती टाक. टाकली. मार्चपर्यंत ती पोती घेऊन हिंडलो. इंडियन ग्रोसरीतून आणलेला तांदूळ पण मुद्दाम डिकीतच ठेवायचो, तेवढंच वजन.

मग आई-बाबा आले. दोन दाराची गाडी, आई साडीत. मागे जायचं म्हणजे पुढची सीट पाडून, वाकून, पदर सांभाळून. आईनं एकदाच बघितलं आणि पुढं बसली. मागे बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, वरंधा घाटात वर्षानुवर्षं. हा माणूस गुडघे हनुवटीला लावून मागे बसलाय आणि पूर्ण वेळ माझा गिअर ऐकतोय. "आता टाक." "उशीर केलास." रविवारी मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये त्यांच्या हातात दिली. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, तरी एक झटका नाही. म्हणाले, "क्लच हलका आहे रे. पोरीबाळींनी चालवावा असा."

ऑगस्टमध्ये त्यांना वुडवर्ड अव्हेन्यूवर नेलं. तिथे दरवर्षी जुन्या गाड्या रस्त्यानं फिरवतात आणि लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. बाबा दिवसभर बसले, शेजारच्या म्हाताऱ्याशी इंजिनांवर गप्पा. एकाला मराठी येईना, दुसऱ्याला इंग्रजी. संध्याकाळी त्यानं डोक्यावरची टोपी काढून बाबांना दिली. ती टोपी घालून बाबा अजून गावात दूध आणायला जातात.

टू_स्ट्रोक
बर्फाळ दादा, दंडवत. बाबांना नमस्कार सांगा, वरंध्यातला माणूस म्हणजे विषय हार्ड.

शंकासुर
छान अनुभव. पण नोंदीसाठी: मस्टँग ही तांत्रिकदृष्ट्या मसल कार नव्हे, तिला पोनी कार (आकारानं लहान, स्पोर्टी गाडी) म्हणतात. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठं व्ही-एट बसवायचं आणि तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायचं. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून हे सुरू झालं असं बहुतेक जण मानतात. तिच्यात ३८९ घन इंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन होतं. १९७० च्या आसपास कळस. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ ला तेलसंकट आलं आणि पहिला जमाना आटोपला. काँटेसाला चार सिलेंडर आणि चार दरवाजे, तेव्हा ती कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

कडकलक्ष्मी
शंकासुरजी, लग्नाला गेलात की मांडवाची लांबी-रुंदी पण मोजता का हो?

शंकासुर
मांडवात नाही. पंगतीत मोजतो.

टू_स्ट्रोक
ठीक आहे, लिहितो. दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर.

आरएक्स १००, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. भागाकार ज्याचा त्यानं करावा. १९८५ ला आली, ९६ ला बंद झाली, माझी ९४ ची. मामानं बारावीनंतर दिली, आईला न विचारता, त्यावरून आई मामाशी दिवाळीपर्यंत बोलली नव्हती. सांगली ते मिरज दूध घालायला जायचो असं घरी सांगायचो, दूध खरंच घालायचो, पण दोन बस थांब्यांमध्ये काय व्हायचं ते सांगत नव्हतो. पहिल्यातून दुसऱ्यात टाकली की पुढचं चाक हलकं.

आवाज मात्र सायलेन्सरवर. काजळी धरली की गाडी दबते. मग सायलेन्सर काढून भट्टीत लाल होईस्तोवर जाळायचा, ठोकून काजळी झाडायची. लोहाराला पैसे नाही लागायचे, त्याला चक्कर द्यायची. एकदा चक्कर द्यायला दिलेला लोहार सायंकाळी परत आला, तासगावहून द्राक्षं घेऊन.

अजून आहे. रात्री घरात घेतो, हॉलमध्ये. आरएक्स बाहेर ठेवली की सकाळी फक्त ऑइलचा डाग राहतो. बायको म्हणते पाहुण्यांना काय सांगायचं. मी म्हणतो पाहुण्यांना बसायला दोन सीट जास्त आहेत.

नानापेठी
टू_स्ट्रोक, शंभरवर थांबलात? आम्ही साडेतीनशेवाले. राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५०च ती, १९८३ ला एस्कॉर्ट्सनं इथे आणली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर. आमची हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती, तीस घोड्यांच्या वर. जपानीला पुढे डिस्क ब्रेक, आपल्याकडे ड्रम. म्हणजे पळायची सोय जपानी, थांबायची सोय ज्याच्या त्याच्या पुण्याईवर.

लोकांना ती झेपली नाही कारण लोक अॅव्हरेज विचारायचे. मी १९९२ ला घेतली ती एका काकांकडून, जवळजवळ फुकट. काकू म्हणाल्या, "घेऊन जा, वर चहा पण पिऊन जा." दोन कार्ब्युरेटर सारखे लावणं ही कला होती. एक जरा पुढे-मागे झाला की गाडी लंगडायची. आमच्याकडचा मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचा.

बघण्याच्या कार्यक्रमाला त्याच गाडीवर गेलो. सासऱ्यांनी पगाराआधी अॅव्हरेज विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले आणि सासूबाईंशी बराच वेळ बोलले. लग्न झालं, पण हुंड्याऐवजी स्कूटर देऊ का असं विचारत होते. (हुंडा घेतला नाही, स्कूटर पण नाही. गैरसमज नको.)

पायडलवाला
नाना पेठेत कुठे हो? मी निवडुंग्या विठोबाच्या मागच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो.

नानापेठी
अरे! आम्ही अलीकडच्या बोळात. खाली स्पेअर पार्टचं दुकान, वर आम्ही. तुमच्या गल्लीत ते चहाचं दुकान होतं ना, बशी उलटी ठेवली की दुसरा चहा यायचा नाही.

पायडलवाला
होतं ना!! मालक उधारी दारावर खडूनं लिहायचे. पावसाळ्यात अर्ध्या पेठेची उधारी धुतली जायची. आता तिथे मोबाईल कव्हर मिळतात.

नानापेठी
पालखी आली की छतावर किती माणसं असायची. छत कसं टिकलं माहीत नाही.

कडकलक्ष्मी
पुणेकरांनो, वेगळा धागा काढा बघू. गाडी कुठाय?

पायडलवाला
सॉरी ताई. माझी गाडी लूना. ५० सीसी. दांडगी म्हणता येईल का? चढाला पायडल मारायला लागायचं, म्हणजे दांडगा मीच.

टू_स्ट्रोक
लूनाला नावं ठेवायची नाहीत. आमच्या दूधवाल्यांच्या लूना चार कॅन आणि एक पोरगं घेऊन जायच्या.

डॉक्टरीणबाई
ओपीडी संपली, आता लिहिते.

कुडाळच्या पुढे आत एक गाव, १९९३ ची गोष्ट. मी नुकती रुजू झालेले, यजमान मुंबईला. महिंद्राची एमएम ५४० घेतली, डिझेल, प्यूजोचं २.१ लिटरचं इंजिन, फोर बाय फोर. सासरच्यांचं म्हणणं होतं की बाईमाणसानं मारुती घ्यावी. मारुतीनं पावसाळ्यात माझ्या हद्दीतले निम्मे पेशंट गाठले नसते. चिखलात तो छोटा लिव्हर लो रेंजला (वेग कमी, जोर जास्त) टाकायचा आणि पाय काढून घ्यायचा, जीप आपली आपण चढते. पॉवर स्टिअरिंग नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर ब्लाऊज दंडात घट्ट व्हायला लागले, शिंप्यानं विचारलं, "बाईनू, जिमबिम लावल्यात काय?"

हूड कॅनव्हासचं. आंबोलीत पाऊस आडवा येतो, तो बरोब्बर उजव्या गुडघ्यावर. कितीही शिवून घ्या.

एक गंमत सांगते. रात्री अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला की निघायचं, फोन कुठले तेव्हा. त्या जीपचा आवाज मैलभर आधी जायचा, खाली वहाळात उतरतानाच वाडीत ऐकू यायचा. आम्ही पोचेपर्यंत कुणीतरी म्हातारी चुलीशी बसलेली असायची. एकीनं नंतर सांगितलं, "तुजी गाडी वाजली काय मी वरडतंय, बाय इली गे, पाणी तापव."

सायलेन्सर फुटला होता तेव्हा. मुद्दाम बरेच दिवस बदलला नाही.

बर्फाळ
डॉक्टर, हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. मस्टँग मागे घेतो.

मोरपंखी
आमची पण काँटेसाच, काळी. विकली. बहिणीच्या इंजिनिअरिंगच्या वेळेला. बाबांनी टेप तेवढा काढून घेतला होता, तो अजून चालतो. आता भाकऱ्या आहेत, नंतर लिहीन.

रंकाळाकाठ
@मोरपंखी सावकाश लिहा ताई. काळी काँटेसा म्हणजे तर रुबाबच वेगळा.

वाळवंटी
खेडचा मी, दोह्यात होतो. डॉज चार्जर आरटी, २००६ चं मॉडेल, ५.७ लिटरचं हेमी नावाचं व्ही-एट इंजिन, ३४० घोडे. तेव्हा तिकडे पेट्रोल पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे अॅव्हरेज हा शब्दच कुणाच्या तोंडात नाही. गावी वडील विचारायचे किती देते, मी सांगायचो "वीस", काय वीस ते सांगायचो नाही.

शुक्रवारी पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत. समुद्राकडे सरळ रस्ता, कॅमेरे कुठे आहेत ते पाठ. गाडीत आम्ही चौघं, एक रत्नागिरीचा, एक लाहोरचा, एक मलप्पुरमचा. गाणं कुणाचं लावायचं यावर एकमत कधी झालं नाही म्हणून इंजिनच ऐकायचो.

प्रोजेक्ट संपला, महिन्यात परत या म्हणाले. आणणं परवडणारं नव्हतं, डाव्या बाजूचं स्टिअरिंग म्हणून इथे चाललीही नसती. मलप्पुरमवाल्यालाच दिली. ओणमला फोटो पाठवतो, दर वर्षी नवं सीट कव्हर. एकापेक्षा एक भयाण.

शंकासुर
चार दरवाजे. नोंद घेतो आहे.

वाळवंटी
३४० घोडे, शंकासुर. दारं मोजायला वेळ मिळत नाही.

शंकासुर
हा मुद्दा मान्य.

नवखा_चालक
सगळ्यांना नमस्कार. थोडं वेगळं विचारतो. बाबांची पेट्रोल काँटेसा सांगोल्याला पत्र्याच्या शेडमध्ये २०११ पासून उभी आहे. बाबा गेल्यावर कुणी हात लावला नाही. येत्या सुट्टीत नवीन बॅटरी टाकून सुरू करून बघू म्हणतोय. होईल का?

रंकाळाकाठ
थांबा! बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. दादाला फोन लावला, तो सांगतोय तसं टायपतो. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा डिंक झालेला असतो. कार्ब्युरेटर खोलून साफ. चारी प्लग काढून भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर इंजिन जाम नाही. अडलं तर जोर लावू नका, मिस्त्री बोलवा. इंजिनचं ऑइल आणि रेडिएटरचं पाणी बदला. ब्रेकचे रबर सगळे नवीन, होजपाइपसुद्धा. टायर दिसायला चांगले असले तरी त्यावर रस्त्याला येऊ नका.

नानापेठी
आणि वायरिंग बघा. शेडमध्ये उंदीर असणारच. आमच्या ओळखीत एकाच्या एअर फिल्टरमध्ये अख्खं बाळंतपण झालं होतं.

डॉक्टरीणबाई
तिथे मला बोलावू नका.

शंकासुर
नोंदणी पण तपासा. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण लागतं, फिटनेस तपासणी होते, हरित कर भरावा लागतो. आरसी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसा हक्कानं हस्तांतरण. कागद आधी, इंजिन नंतर. (आणि हो, चार दरवाजे असले तरी जरूर सुरू करा.)

नवखा_चालक
खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली डिकीत तिची पाट्याची वरवंटी असेल, तेव्हापासून सापडत नाहीये.

कडकलक्ष्मी
आले! कुकर कधीच झाला, जेवणं पण झाली, पण तुमचं वाचण्यात माझं लिहायचं राहिलं. थोडक्यात: वडिलांची येझदी रोडकिंग. एकच दांडा, किक पण तोच आणि गिअर पण तोच. मी नववीत. वडील झोपले की ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे किक. त्या गाडीला गुपचूप सुरू करणं शक्यच नाही हे तिथे कळलं, अख्खी गल्ली जागी व्हायची. वडील गॅलरीतून ओरडायचे, "चोक बंद कर आता!" तेवढंच.

टू_स्ट्रोक
ताई, एक नंबर. येझदी आहे का अजून? कार्ब्युरेटर हवाय एका मित्राला.

कडकलक्ष्मी
भावाकडे आहे, बुरूडगावला. कार्ब्युरेटर देणार नाही, गाडी पण देणार नाही, बघायला या. येताना द्राक्षं आणा.

टू_स्ट्रोक
द्राक्षं लोहाराकडे.

वाळवंटी
डॉक्टर, तुमच्याकडे हापूसच्या पेट्या मिळतात का हो? आमच्या खेडला यंदा मोहरच गळला.

डॉक्टरीणबाई
मिळतील. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, किती डझन ते लिहा.

पायडलवाला
मला पण दोन पेट्या.

शंकासुर
दर काय?